खुडूक, मड्डा परत आण

प्रिय खुडूक,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं होतं. दुसरा जो शब्द तोंडावर आला तो आईने घरात येऊ दिला नसता, म्हणून प्रियच. चार दिवस झाले, तुझी पांढरी गाडी समोरून आली की मी स्टिअरिंगवरून बोट उचललेलं नाही. तुझ्या लक्षात आलंच असेल. गायीला रस्ता द्यायचा आणि समोरच्या गाडीला हात करायचा, हे दोन नियम आपण नॉरफोक बेटावर गाडी शिकायच्या आधी शिकतो. बाबा आणि बेन्नीकाका अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, पण रस्त्यात एक बोट वर व्हायचंच. मी तेवढंही केलं नाही. परवा तू पुलाजवळ गाडी हळू केलीस, अख्खा पंजा काचेला लावलास, आणि मी बाजूच्या गायीकडे बघत निघून गेले. संध्याकाळपर्यंत दुकानात तिघींनी विचारलं, "मनगट दुखतंय का गं?" म्हटलं, हो, फार दुखतंय.

तीन मैलांवर राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला कोणी पत्र लिहितं का, असं म्हणशील. मी तुझ्या दारात आले तर दोनांपैकी एक होणार. एक तर मी तुझ्या स्वयंपाकघरातल्या बशा फोडीन, नाहीतर तू तुझ्या वॉलीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून डोळे पुसशील आणि मी मूर्खासारखी चहाचं आधण ठेवीन. जन्मभर हेच चाललंय. तू रडतेस, मी चहा टाकते. कागदासमोर तुला कितीही रडता येईल, पण चहा मिळणार नाही आणि मध्ये तोंडही घालता येणार नाही. तेव्हा बस आणि वाच. मड्डा तुझ्या मांडीवर असेल, असू दे. मला ती परत हवी आहे. नुसती ती नाही, आणखीही काही हवंय, पण ते शेवटी.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे 'मला आठवत नाही' म्हणायला जागा राहायची नाही. तियारे तीन वर्षांची असताना तिच्या बाबाला, डेलला, होड्यांच्या शेडमध्ये ही मांजरी सापडली, एवढंसं पिल्लू. करडी, गुळगुळीत, ओली. तियारेच्या ताटात त्या दिवशी हिरव्या केळ्यांचे उकडलेले करडे गोळे, म्हणजे मड्डे होते. तिने एकदा ताटात बघितलं, एकदा पिलाकडे बघितलं आणि म्हणाली, मड्डा. झालं. त्या रात्रीपासून पोरीच्या पायाशी मांजर झोपलं नाही असा दिवस गेला नाही. चाळिशीला टेकल्यावर झालेली माझी एकुलती एक, तिला भावंड कुठलं? मड्डाच तिचं भावंड. शाळेची बस वळणावर आली की मड्डा फाटकाच्या खांबावर. बसवाला भोंगा वाजवायचा तो तियारेसाठी नाही, मड्डासाठी.

मग सहावा वाढदिवस. तू नारळाचा पाव आणलास, आणि स्वतःच्या बदकांची पिसं भरून तियारेला उशी आणि दुलई शिवून आणलीस. कडेने निळे मासे भरले होतेस. सगळ्या बायकांनी हात फिरवून बघितली ती दुलई. मी म्हटलंसुद्धा, खुडूकला पोर नाही, पण माया बघा. हे वाक्य मी अख्ख्या अंगणासमोर म्हटलं होतं. त्याच हिवाळ्यात पोरीला खोकला लागला. रात्रभर छातीत शिटी वाजायची. डोळे सुजायचे, नाक वाहायचं, हाताच्या लवणीत खाजवून खाजवून रक्त यायचं. पंप तोंडात धरून बसलेल्या आपल्या पोरीकडे बघणं काय असतं, ते ज्याने बघितलं त्यालाच कळतं. तू बघितलंस. तू शेजारी बसून तिची पाठ चोळलीस, मी नाकारत नाही. आणि आम्ही दर वेळी तिला परत त्याच उशीवर निजवलं.

'मांजर' हा शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाला? तुझ्या. तेव्हा मुद्दाम बोललीस असं मी म्हणत नाही. तुलाही खरंच तसं वाटलं असेल, तेवढं मी तुझ्या पदरात टाकते. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या बुधवारी, चर्च मक्याच्या कणसांनी आणि भोपळ्यांनी सजलेलं असताना, तू प्रार्थनेनंतर माझा हात धरलास आणि म्हणालीस, "मी नेते तिला. परक्याच्या घरी कशाला? पोर बरी होईपर्यंत माझ्याकडे राहू दे, तपासणी झाली की बघू." बरी होईपर्यंत, हे तुझे शब्द. तियारेने स्वतः तिचा वाडगा धुतला, पुसला आणि तुझ्या गाडीत ठेवला. रडली नाही. म्हणाली, "खुडूकमावशी, तिला माशाचं डोकं नको देऊ, ती उगाच खाते आणि मग ओकते." सात वर्षांची पोर. पुढचे दोन महिने खोकला होताच, तरी तू म्हणत राहिलीस, घरात केस राहतात गं, वेळ लागतो.

फेब्रुवारीत ब्रिस्बेनला तपासणीची तारीख मिळाली आणि मी धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवर पाय मोडून घेतला. डेलचं जहाज लागलेलं, तो माल उतरवायच्या होड्यांवर. तू म्हणालीस, मी नेते. मी तुझ्या गळ्यात पडून रडले होते, आठवतं? परत आलात तेव्हा विमानतळावर मी कुबड्या घेऊन उभी होते. तू माझ्याकडे न बघता सामानाच्या पट्ट्याकडे बघत म्हणालीस, "मांजरच. डॉक्टर म्हणाले, तिच्या अंगाला लागलेले कपडेसुद्धा नकोत." कागद कुठाय विचारलं तर म्हणालीस, डॉक्टर पाठवतील. मी प्लास्टरमध्ये, डेल समुद्रावर. आणि सख्ख्या बहिणीच्या शब्दाचा कागद कोण मागतं? तियारे म्हणाली, मी बाहेर मोठ्या पेटीतले मासे बघत होते, मावशी आत बोलत होती.

आणि मग, खुडूक, तुझी ती साफसफाई! दुसऱ्याच दिवशी तू बादली आणि व्हिनेगर घेऊन दारात हजर. भिंती पुसल्यास, पडदे उकळलेस. आणि जाताना ती उशी आणि ती दुलई उचललीस. "यात मांजराचे केस अडकलेत, धुऊन जायचे नाहीत. मी कापसाची नवी देते." दिलीसही. तीन आठवड्यांत पोरीचा खोकला गेला. शिटी गेली. मी घरोघर सांगत सुटले, बघा, मांजर गेलं आणि पोर बरी झाली. चर्चमध्ये तुझं नाव घेऊन आभार मानले. तुझ्यासाठी पेरूचा मुरंबा करून आणला, सहा बाटल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं, आणि वर मी चोरालाच मुरंबा दिला.

तियारेचं काय झालं ते तू बघितलंस, कारण दर रविवारी ती तुझ्याच कुंपणाशी उभी असायची. दोन्ही हात पाठीमागे. मड्डा आतून जाळीला अंग घासायची, ओरडायची, आणि ही बाहेरून तिला शाळेतल्या गोष्टी सांगायची. हात पुढे करायची नाही. कोणाच्या कुत्र्याला चुकून हात लागला तरी कोपरापर्यंत साबण. एका रविवारी घरी येताना मला विचारते, "आई, मी नसतेच झाले तर मड्डाला जावं लागलं नसतं, हो ना?" मी गाडी बाजूला लावली. मी तिला नुसती जवळ घेतली. त्याच संध्याकाळी तिने मड्डाला चिठ्ठी लिहिली. 'मड्डा, माझ्यामुळे तुला घर सोडावं लागलं, माफ कर.' खाली निळा मासा. ती चिठ्ठी तू फ्रीजवर लावलीस. म्हणजे रोज सकाळी दूध काढताना तू ती वाचत होतीस आणि तेच दूध मड्डाला घालत होतीस. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. तुझ्या घरात मांजर बिचारी डोळे उघडे ठेवून प्यायली, मिटले होतेस ते तू.

आणि एप्रिलमधली ती दुपार. ती मी तुला मरेपर्यंत माफ करणार नाही, हे कागदावर लिहून देते. मड्डा तुझ्याकडून पळाली. तीन मैल चालत, गायी अडवायच्या लोखंडी जाळ्या ओलांडून, पाइनच्या रानातून आमच्या पायरीवर येऊन बसली. एक पंजा फाटलेला. मी मागे कपडे वाळत घालत होते. तियारेने तिला खिडकीतून बघितलं आणि काय केलं? खुर्ची ओढून टेलिफोनचं पुस्तक काढलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः उघडलं. टोपणनावांच्या पानांवर बोट फिरवत फिरवत 'खुडूक' शोधलं आणि तुला फोन लावला. "मावशी, मड्डा आली आहे. लवकर ये आणि घेऊन जा, मला परत आजारी पडायचं नाही, आई रडते." मग न्हाणीघरात जाऊन कडी घातली आणि दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला. बाहेर मड्डा दार ओरबाडतेय आणि आत ही श्वास मोजतेय, मोठ्याने. एक, दोन, तीन. तू आलीस उशीची खोळ घेऊन. मड्डाला त्यात कोंबलंस. मोजणं तुलाही ऐकू येत होतं, मी तुझ्या शेजारीच उभी होते. तेव्हा तुला ठाऊक होतं. दोन महिन्यांपासून ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं गं, एकच. आणि तू त्या बंद दाराला तोंड लावून काय म्हणालीस? "शाब्बास, माझी शहाणी बाय ती."

आता मला कसं कळलं ते ऐक. गेल्या मंगळवारी शाळेच्या तंबूतल्या सहलीचा कागद घेऊन दवाखान्यात गेले. नवी नर्स आहे ना, ग्रेस, जिला अजून बेटावरचं नाव पडलेलं नाही, ती म्हणाली, मुलीला ॲलर्जी आहे तर जुना रिपोर्ट लागेल, मी ब्रिस्बेनहून मागवते. अर्ध्या तासात यंत्रातून कागद आला. ती वाचून म्हणाली, "छान, म्हणजे पिसांचं काही नको, बाकी मोकळं." मी म्हटलं, पिसांचं नाही बाई, मांजराचं. ती म्हणाली, "मांजर? मांजराचं तर काहीच नाहीये. शून्य. बदकाची पिसं, तीव्र." मी म्हटलं, हा दुसऱ्या कोणाचा आहे. तिने जन्मतारखेवर बोट ठेवलं. आणि शेवटची ओळ वाचून दाखवली: सोबत आलेल्या मावशींना सविस्तर समजावून सांगितले आहे, घरातील पिसांचे अंथरूण ताबडतोब काढावे. सविस्तर, खुडूक. मला तिथे खुर्चीत बसवून पाणी दिलं त्या मुलीने.

म्हणजे तू उशी नेलीस ती मांजराच्या केसांसाठी नाही. पोर मरू नये म्हणून नेलीस आणि मांजर परत द्यावं लागू नये म्हणून गप्प बसलीस. दोन्ही एकाच बादलीत. डेलला दाखवला कागद. तो म्हणतो, "जाऊ दे गं, वॉली गेल्यापासून एकटी आहे ती, घर खायला उठत असेल." त्याला तेव्हापासून नुसती उकडलेली रताळी वाढतेय. एकटी आहेस, मला माहीत नाही? वॉलीला पुरल्यावर सहा आठवडे तुझ्या शेजारी कोण झोपलं होतं? मागितलं असतंस तर मी तुला काय दिलं नसतं? पिल्लू शोधून दिलं असतं. तियारेला दर शनिवारी मड्डाला घेऊन राहायला पाठवलं असतं, पोर नाचत आली असती. तू नुसतं म्हणायचं होतंस, चुकले, माझ्या उशीने झालं. मी पाच मिनिटं ओरडले असते आणि चहा टाकला असता. पण तुझी माया चुकली असं लोकांनी म्हटलेलं तुला सोसलं नसतं. त्यापेक्षा सात वर्षांच्या पोरीने स्वतःला विष समजलेलं तुला चाललं.

काल बेकरीतला कॉलिन माझ्याकडे आला होता. एकोणीस वर्षं बेटावर आहे, बायको इथली, पोरं इथली, रोज पहाटे उठून सगळ्यांना पाव घालतो. पण टेलिफोनच्या पुस्तकात अजून नुसता कॉलिन, पुढे आडनाव, परक्या माणसासारखा. टोपणनावांची पानं मी लावते ना, म्हणून दरवर्षी छपाईच्या आठवड्यात टोपी हातात घेऊन येतो आणि विचारतो, "यंदा तरी काही पडलं का गं मला?" आणि मी दरवर्षी हसते. नाव मागून मिळत नाही, लोकांनी ठेवावं लागतं. काल मी हसले नाही. त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. बिचारा घाबरला, म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, काही नाही रे, बस, पेरूचा मुरंबा खाऊन जा.

तुझं नाव कसं पडलं ते मला आईने सांगितलेलं पाठ आहे, मी तेव्हा चार वर्षांची होते. तू नऊ. रानमांजराने अंड्यांवरची बदकीण मारली आणि तू ती अंडी बाबांच्या टोपीत घालून त्यावर फ्रॉक पसरून बसलीस. तीन दिवस. शाळा नाही, जेवण जागेवर. बाबांनी मास्तरांना फोन केला, "आमच्याकडे एक खुडूक बसली आहे, ती उठली की पाठवतो." दुपारपर्यंत बेटभर झालं. एका अंड्यातून पिल्लू निघालंसुद्धा. तेव्हापासून तू आज्जीपासून पाद्र्यांपर्यंत सगळ्यांची खुडूक. बाबा गेले त्या दिवशी शुद्ध हरपायच्या आधी त्यांनी तुला याच नावाने हाक मारली होती. मला काही म्हणाले नाहीत.

आता हे पत्र कशासाठी ते. शुक्रवारी दुपारी बारा वाजता पुस्तकाची पानं विमानाने छापायला जातात. तुझ्या ओळीवर मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. 'मांजरचोर' लिहावं असं आधी मनात आलं, पण तेही नावच झालं असतं, लोक हसले असते, आणि नाव पडलं की माणूस आपलं होतं. म्हणून मी काहीच लिहिणार नाही. नुसतं खरं नाव रेविन, आडनाव, नंबर. कॉलिनसारखं. गुरुवारी तियारे साडेतीनला शाळेतून येते. मड्डाला घेऊन ये, खोळीत घालून नाही, कडेवर घेऊन. पोरीसमोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग, मड्डाने तुला काही केलं नाही, माझ्या उशीने केलं, मला कळलं होतं आणि मी खोटं बोलले. तिचे हात धरून मड्डाच्या पाठीवर ठेव. मी तिला अजून अवाक्षर सांगितलेलं नाही, ते तुझ्यासाठी राखून ठेवलंय. मी मागे कपडे वाळत घालत असेन. आलीस तर रेघ खोडीन, आणि रस्त्यात बोट उचलीन, एकच. नाही आलीस तर शुक्रवारी सकाळी डेल मड्डाला घेऊन जाईल आणि पोरीला सगळं मी सांगेन. पण ती तुझ्यावर फार दिवस रागावायची नाही, तिचा स्वभाव माझा नाही. वर्षा-सहा महिन्यांत तिला मावशीची आठवण येईल, ती खुर्ची ओढेल, पुस्तक काढेल आणि एप्रिलसारखीच बोट फिरवत फिरवत खुडूक शोधेल. तुझं खरं नाव तिला माहीत नाही. मी सांगणार नाही.

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तुझीच,

गांधील